एक पोस्टकार्ड आणि मधली अठ्ठेचाळीस वर्षं

१९७४ च्या एप्रिलच्या सुमाराची गोष्ट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण संपवत आलेली हुबळीची एक मुलगी लेक्चर हॉलमधून हॉस्टेलकडे चालली होती. वाटेतल्या नोटीस बोर्डवर टेल्कोची, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या टाटांच्या वाहन कंपनीची, जाहिरात लागली होती. तरुण, हुशार, कष्टाची तयारी असलेले इंजिनिअर हवेत, अशी नेहमीची जाहिरात. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत.

मुलीचं नाव सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती. चिडून त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. दहा दिवसांच्या आत तार आली, पिंपरीला मुलाखत झाली, नोकरी मिळाली. ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. शाळेच्या भाषणांत असते, मोबाइलवर फिरत असते, आणि दर वेळी नोकरी मिळाली की संपते.

मला ती तिथून पुढे वाचायची आहे. याच कंपनीच्या पुण्यातल्या प्रवासी वाहनांच्या कारखान्यात एप्रिल २०२० मध्ये १७८ स्त्रिया होत्या. दोन वर्षांत तो आकडा १६०० च्या आसपास गेला आणि हॅरिअर-सफारी गाड्यांची जोडणी करणारी पूर्ण स्त्रियांची लाइन उभी राहिली. म्हणजे पहिली बाई आत गेल्यावर सेहेचाळीस वर्षांनी पावणेदोनशे, आणि त्यापुढच्या दोनच वर्षांत त्याच्या नऊपट. पोस्टकार्डाने दार उघडलं असेल, तर इतकी वर्षं त्या दारातून कुणी का गेलं नाही? आणि दोन वर्षांत असं काय बदललं? प्रकरण म्हणून अभ्यासण्यासारखं आहे ते हे.

मुलाखतीच्या खोलीत

सुधाताईंनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीत माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग पोस्टकार्डाचा नाही, मुलाखतीचा आहे. समोर सहा जण बसले होते. जेआरडींना पत्र लिहिणारी हीच ती मुलगी, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली, तेव्हा नोकरी मिळणार नाही हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं. त्यामुळे भीती गेली. तांत्रिक प्रश्न सुरू झाले, त्यांची उत्तरं त्यांनी दिली. मग त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी अगदी आपुलकीने समजावलं की शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांवरच्या कामाला, आम्ही आजवर एकही बाई घेतलेली नाही. हे काही मुलामुलींचं कॉलेज नव्हे, कारखाना आहे. तुमची हुशारी मान्य आहे, पण तुमच्यासारख्यांनी संशोधन प्रयोगशाळेत काम करावं. त्यावर या मुलीने उत्तर दिलं की कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी, नाहीतर तुमच्या कारखान्यात कधीच कुठली बाई काम करू शकणार नाही.

त्या गृहस्थांना खलनायक करायची सवय आपण सोडावी. त्यांनी जे सांगितलं ते वाईट हेतूने नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त अडचणीचं होतं. एखादा हेकट माणूस वरून आदेश आला की गप्प बसतो. आपुलकीने, काळजीपोटी दिलेला नकार मात्र आदेशाने हलत नाही. तो पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक फोरमनच्या, प्रत्येक बापाच्या तोंडून येत राहतो. 'बाई, तुला जमणार नाही असं नाही गं, पण इथे कशाला?'

शिवाय त्यांच्या म्हणण्यामागे कायदाही उभा होता. तो गोष्टीत कधीच येत नाही.

ती ओळ बेकायदा नव्हती

आज अशी जाहिरात दिसली तर आपण लगेच तक्रारीची भाषा करू. १९७४ मध्ये तक्रार कुठे करायची हाच प्रश्न होता. राज्यघटनेचं सोळावं कलम नोकरीत लिंगावरून भेदभाव करू नये असं सांगतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. खासगी कंपनीने बायका नकोत असं छापलं तर तिला रोखणारा केंद्रीय कायदा तेव्हा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीचा अहवाल आला आणि संघटित उद्योगांतून बायका कमी होत चालल्याचं त्यात नोंदलं गेलं. सप्टेंबर १९७५ मध्ये समान वेतनाचा अध्यादेश निघाला, १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि त्याच्या पाचव्या कलमाने एकसारख्या कामासाठी भरती करताना स्त्रियांना डावलण्यास मनाई केली. पोस्टकार्ड कायद्याच्या जेमतेम दीड-दोन वर्षं आधी गेलं होतं.

पण त्या पाचव्या कलमातच एक खिडकी उघडी ठेवली होती : जिथे स्त्रियांच्या कामावर दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंदी किंवा मर्यादा असेल, ते वगळून. हा दुसरा कायदा म्हणजे १९४८ चा कारखाने अधिनियम. त्याचं सहासष्टावं कलम सांगत होतं की स्त्रीला कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत कामावर ठेवता येईल. राज्य सरकारला ही वेळ थोडी मागेपुढे करता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ काही केल्या नाही.

याचा शॉप फ्लोअरवर अर्थ काय होतो हे पिंपरी-भोसरीकडे राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. दुसरी पाळी संपायला रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात, तिसरी तर रात्रीचीच. म्हणजे बाईला पहिली पाळी किंवा जनरल, बस्स. पाळी दर आठवड्याला फिरते तेव्हा पुरुष कामगार म्हणणारच, आम्ही रात्री जागायचं आणि हिची कायम पहिली? त्यात त्याचंही चूक नाही. आणि मुख्य म्हणजे कारखान्यातलं खरं शिक्षण रात्रीच मिळतं. मशीन रात्री दोनला बंद पडतं, साहेब घरी असतात, स्टोअर बंद असतं, आणि हाताशी असलेल्या सामानावर ते पुन्हा चालू करावं लागतं. असे पंचवीस-तीस ब्रेकडाउन ज्याने काढले त्याला मेंटेनन्स येतो. ज्याने कधीच काढले नाहीत तो किंवा ती वर्षानुवर्षं ऑपरेटरच राहते.

या कलमाच्या पकडीची एक खूण मला फार बोलकी वाटते. कामाच्या तासांविषयीच्या त्या प्रकरणातून देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांना सूट देता येत असे, ती सोय चौसष्टाव्या कलमात होती. पण स्त्रियांच्या रात्रपाळीची बंदी त्या सुटीतून मुद्दाम वगळली होती. म्हणजे बाई इंजिनिअर झाली, सुपरवायझर झाली, तरी रात्री तिला कारखान्यात थांबता येणार नव्हतं. पुरुष इंजिनिअरला मात्र कामाच्या तासांचं बंधन लागू नव्हतं.

भिंती उभ्या राहत होत्या तेव्हा

कारखाने अधिनियम स्त्रियांसाठी वेगळ्या, आडोशाच्या स्वच्छतागृहाची सक्ती करत होता, आणि ते योग्यच होतं. पाळणाघराचंही तसंच. मूळ कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर हवं असं होतं, १९७६ मध्ये ती मर्यादा तीसवर आणली. हेतू चांगला. पण हिशेब करणाऱ्या व्यवस्थापकाच्या वहीत हे कसं उतरतं? बायका नसल्या तर वेगळं स्वच्छतागृह नको. तिसाच्या आत ठेवल्या तर पाळणाघर नको. कायद्याने केलेली प्रत्येक सोय बायकांच्या डोक्यामागे मोजली गेली, म्हणून प्रत्येक बाई खर्चाच्या रकान्यात गेली. हे कुठल्या एका कंपनीबद्दल मी म्हणत नाही. कायद्याची रचनाच तशी होती.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा पाळणाघरासाठी पन्नास कर्मचारी अशी अट आली. त्यात पुरुषही मोजायचे. ही दुरुस्ती सव्वीस आठवड्यांच्या रजेसाठी गाजली, पण माझ्या लेखी तिच्यातली ही मोजणी बदलली ते जास्त खोलवरचं काम होतं. बाईला कामावर घेतलं म्हणून पाळणाघराचा खर्च वाढत नाही; तो आधीच लागू असतो.

टेल्कोच्या बाबतीत मला एक हळहळ वाटते. पुण्याच्या कारखान्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. म्हणजे सुधा कुलकर्णी रुजू झाल्या तेव्हा कारखाना अजून उभा राहत होता. टेल्कोचे तेव्हाचे अध्यक्ष सुमंत मूळगावकर यांनी तिथे हजारो झाडं लावली, तळं केलं, कुशल कामगार घडवायची व्यवस्था आधी उभी केली. इतका लांबचा विचार करणारा माणूस. नकाशे टेबलावर असताना बायकांसाठी जागा आखायला फारसं काही लागलं नसतं. बांधून झालेल्या शॉपमध्ये मागाहून नळ आणि भिंत घालायची म्हणजे किती खटपट, हे ज्याने प्लँटमध्ये काम केलंय त्याला विचारा. पण एका बाईसाठी कोण आखणार? आणि आखल्याशिवाय दुसरी येणार कशी?

स्वच्छतागृहाचा हा धागा सुधाताईंच्या आयुष्यात आधीपासून आहे. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं, हे त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. प्रवेश देताना प्राचार्यांनी घातलेल्या अटी तर प्रसिद्धच आहेत : साडी नेसायची, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. पुढे इन्फोसिस फाउंडेशनच्या कामात त्यांनी हजारो शौचालयं बांधून घेतली, तेव्हा त्यामागे कॉलेजातली ती वर्षं होती असं त्या सांगतात.

हे पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी आयटीआयमधून टर्नर होऊन भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागली. चौदा पुरुष, एक स्वच्छतागृह, कडी नसलेलं. मालक भला माणूस, पोरीला काम शिकवायचा. पण ती सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नसे. आठ महिन्यांत दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि आईने काम सोडायला लावलं. लेथवर तिचा हात चांगला बसला होता, व्यास मोजण्यात ती चुकत नसे. तिच्या सोडण्याची नोंद कुठे झाली असेल, तर 'घरगुती कारण' अशीच झाली असणार.

पोस्टकार्ड कोण लिहू शकतं

सुधाताईंचं धाडस कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितलेली एक गोष्ट आपण ऐकत नाही. त्यांना त्या नोकरीची गरज नव्हती. परदेशात पीएच.डी. करायचा विचार होता, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या हातात होत्या. नोकरी मिळाली नसती तर अपमान झाला असता, चूल विझली नसती. आणि पत्र गेलं ते भरती करणाऱ्या अधिकाऱ्याकडे नाही, तर थेट समूहाच्या प्रमुखांकडे. टेल्कोचे अध्यक्ष तेव्हा मूळगावकर होते हेदेखील त्यांना ठाऊक नव्हतं. त्या न ठाऊक असण्यानेच काम झालं.

आयटीआयच्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. तिला त्याच औद्योगिक पट्ट्यात पुढची वीस वर्षं काढायची असतात. तक्रारखोर असं नाव पडलं तर ते गेटवरून गेटवर तिच्या आधी पोहोचतं. आणि तिची लढाई एका जाहिरातीशी नसतेच. ती त्याच्या कितीतरी आधी, दहावीनंतर ट्रेड निवडताना सुरू होते. आयटीआयच्या प्रवेशात मुलींना राखीव जागा आहेत, पण घरातून शिवणकाम किंवा फार तर कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, घे असा आग्रह असतो. फिटर, वेल्डर, मशिनिस्ट ही नावं घेतली की आजी विचारते, हात काळे करून सासरी कोण नेणार? त्यामुळे कंपनीचे लोक जेव्हा 'मुलीच येत नाहीत हो' म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फक्त ते नळाच्या शेवटच्या टोकाला उभे राहून पाणी का येत नाही असं विचारत असतात.

टेल्कोच्या प्रकरणात पदवीधर इंजिनिअर आत आली. पान्हा धरणाऱ्या बाईसाठी तोच रस्ता खुला झाला असं आपण धरून चाललो, आणि इथे आपली चूक झाली. दोन्ही रस्ते एकाच गेटमधून जातात इतकंच.

दोन वर्षांत काय झालं

रात्रपाळीच्या बंदीवर पहिला मोठा घाव डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घातला. वसंता या कामगार महिलेच्या याचिकेवर ते उपकलम घटनाबाह्य ठरवलं, पण त्याबरोबर अटी घातल्या : ने-आण करण्यासाठी वाहन, वेगळी स्वच्छतागृहं, आणि बायकांना एकेकटीने नव्हे तर गटाने पाळीवर घ्यायचं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेनेही स्त्रीच्या संमतीने रात्रीचं काम मान्य केलं आहे.

त्या गटाच्या अटीकडे नीट पाहा. वाहन एका बाईसाठी सोडणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही, चाळीस जणींची बस परवडते. रात्री एकटी बाई शॉपमध्ये असली तर सगळ्यांनाच धास्ती, तीस असल्या तर ती एक पाळी होते. थोडक्यात, एकएक करून बायका वाढवत न्यायच्या ही जी सावध पद्धत आपल्याकडे शहाणपणाची मानली जाते, ती कारखान्यात चालतच नाही. एकीसाठी काहीच करता येत नाही आणि दोनशेंसाठी सगळंच करता येतं. पुण्यात आकडा हळूहळू चढला नाही, एकदम उसळला, त्याचं कारण मला यात दिसतं. निर्णय एका उमेदवाराबद्दलचा नव्हता, अख्ख्या लाइनबद्दलचा होता. बारावी झालेल्या, आयटीआय झालेल्या मुली आल्या. आजची जोडणीही १९७४ ची राहिलेली नाही. नट-बोल्ट आवळायची टॉर्क गन बॅलन्सरला टांगलेली असते, जड भाग उचलायला मॅनिप्युलेटर असतो, आणि गाडी कामाच्या उंचीला येते. ही साधनं पुरुषांच्याही कमरा वाचवतात. ती बायकांसाठी केलेली मेहेरबानी नव्हे.

पूर्ण स्त्रियांची लाइन असावी की मिसळून असावं, यावर वाद आहे. सुरुवातीसाठी वेगळी लाइन मला पटते. तिथे प्रत्येक जागेवर बाईच असल्यामुळे 'हे काम तिला नको, तिला सोपं द्या' असं म्हणायला जागाच राहत नाही. जड जागाही तिचीच, क्वालिटीही तिचीच. ज्या शॉपमध्ये चाळीस पुरुषांत दोन मुली असतात तिथे त्या दोघी हमखास तपासणीच्या टेबलावर नाहीतर पॅकिंगला सापडतात. कुणी वाईट हेतूने बसवत नाही, पुन्हा तीच आपुलकी.

पण वेगळी लाइन दहा वर्षांनीही वेगळीच राहिली तर ती कोंडवाडा होईल, असंही मला वाटतं. म्हणून अशा लाइनचं मोजमाप किती गाड्या निघाल्या यावर करू नये. ऑपरेटर म्हणून आलेल्या मुलींपैकी किती मशीन लावून देणाऱ्या सेटर झाल्या, किती लाइन लीडर, किती टूलरूममध्ये गेल्या, किती जणींचं लग्न-बाळंतपण होऊनही नाव हजेरीपटावर राहिलं, आणि प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्यांपैकी किती पर्मनंट झाल्या. हे आकडे कंपन्यांनी वर्षाच्या अहवालात छापावेत. रोबो किती बसवले ते छापतातच.

बॉम्बे हाउसच्या दारात

सुधाताई पुढे मुंबईला आल्या, लग्न झालं, आणि १९८२ मध्ये त्यांनी टेल्को सोडलं. नवऱ्याने पुण्यात इन्फोसिस सुरू केली होती. मुंबईतल्या दिवसांचा एक प्रसंग त्या नेहमी सांगतात. ऑफिस सुटल्यावर त्या टाटांच्या मुख्यालयाबाहेर, बॉम्बे हाउसबाहेर, नवऱ्याची वाट पाहत उभ्या होत्या. जेआरडी बाहेर आले, अंधार पडत चालला आहे आणि आजूबाजूला कुणी नाही हे पाहून शेजारी उभे राहिले. नवरा येईपर्यंत थांबतो म्हणाले, आणि थांबले.

हा प्रसंग जेआरडींच्या सौजन्याचा म्हणून सांगितला जातो, आणि ते खरंच आहे. मी तो वाचताना मात्र दुसरंच काही पाहते. देशातल्या एवढ्या मोठ्या उद्योगसमूहात काम संपवून संध्याकाळी घरी जाणाऱ्या एका इंजिनिअर बाईसाठी जी सोय होती ती ही : समूहाच्या अध्यक्षांना स्वतः शेजारी उभं राहावं लागलं. आज चाकणच्या रस्त्यावर दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसगाड्या मुलींना घेऊन निघतात. कुणी खेडला उतरते, कुणी मंचरला. काही बापांना अजून झोप लागत नाही. ते फाट्यावर मोटारसायकल लावून बस येईपर्यंत उभे असतात. बस थांबते, हेल्मेट-सेफ्टी शूजची पिशवी घेऊन मुलगी उतरते, आणि बस पुढच्या फाट्याकडे जाते.